बीजिंगहून, मार्बरीच्या शेवटच्या सामन्यानंतर

बीजिंग, 12 फेब्रुवारी 2018

ती. आई आणि बाबा,
सा. न.

व्हिडिओ कॉलवर हे बोलायला गेलो की आई चष्मा पुसायला लागते आणि बाबा फोन ताईच्या हातात देतात, म्हणून लिहितोय. शेवटी सांगायचं तेच आधी सांगून टाकतो. माझ्या इथल्या योगवर्गाच्या जागेचा करार मी गेल्या आठवड्यात केला. तीन वर्षांचा. सही झाली, अनामत भरली. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर तुम्ही "तुझं तू बघ" म्हणाला असतात, आणि आपल्या घरात "तुझं तू बघ"चा अर्थ काय होतो ते तिघांनाही ठाऊक आहे.

बाबा, काल मार्बरीचा, आपल्या त्या अमेरिकन बास्केटबॉलवाल्याचा, शेवटचा सामना बघून आलो. हे तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला? (आई, तू हा भाग सोडून खाली जेवणाचं लिहिलंय तिथे जा. जाणार नाहीस म्हणा.)

केबलवर पहाटे एनबीए, ती अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघताना तुम्ही त्याला नावं ठेवायचात, आठवतं? "हा पास देत नाही, याचं काही खरं नाही." 1996च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, चौथा आलेला, दोनदा ऑल-स्टार सामन्यासाठी निवडलेला, आणि तरी पाच संघ फिरून शेवटी कोणालाच नको झालेला माणूस. 2010च्या जानेवारीत तो चीनला आला तेव्हा 32 वर्षांचा होता. म्हणजे आज मी आहे तेवढाच. आला तोही बीजिंगला नाही, तायुआनला. कोळशाचा मुलूख, आपल्या चंद्रपूरसारखा, वर कडाक्याची थंडी. इथे अमेरिकन खेळाडू बहुतेक एका हंगामाच्या करारावर येतात. थंडी संपता संपता बॅगा भरून परत. हा पुन्हा आला. एक वर्ष फोशानला काढलं, मग 2011ला बीजिंग डक्सकडे. बीजिंगच्या या संघानं तोवर एकदाही चीनची लीग जिंकली नव्हती. 2012ला जिंकली, मग 2014ला आणि 2015ला पुन्हा. पहिल्या विजयानंतर त्याचा पुतळा उभा केला, पुढे त्याच्यावर संगीत नाटक निघालं, त्यात हा स्वतःच रंगमंचावर! शहरानं मानद नागरिक केलं, सरकारनं कायम वास्तव्याचं कार्ड दिलं. लोक त्याला 'मा चंगवेई' म्हणतात. इथल्या पलटणीत जवानांचं मन सांभाळणारा अधिकारी असतो ना, तसा. पास न देणाऱ्याला हे नाव पडलं, बाबा!

आणि तो सामन्याला मेट्रोनं जायचा. खरंच. आपण नागपुरात अजनीहून बर्डीला जातो तसा.

गेल्या वर्षी डक्सनी सांगितलं, आता खेळू नकोस, प्रशिक्षक हो. यानं शहर सोडलं नाही, शहरातलाच दुसरा संघ धरला आणि चाळिशीत आणखी एक हंगाम काढला. काल जिआंग्सूविरुद्ध 20 गुण केले, सामनाही जिंकला. माझ्या शेजारी एक आजोबा होते, जाड कोटावर ताणून चढवलेली मार्बरीची 3 नंबरची जर्सी, मांडीवर थर्मास. सामना संपल्यावर त्यांनी थर्मासच्या झाकणात गरम पाणी ओतलं आणि मला दिलं. एक शब्द बोलले नाहीत. मला तुम्ही दिसलात.

मी म्हणजे मार्बरी नाही, कळतं मला. पण नागपूरला परत येऊन मी काय केलं असतं? पुन्हा तीच शाळेची अर्धवेळ नोकरी, पुन्हा मामांच्या ओळखी. इथे माझ्या वर्गाला चाळीस माणसं येतात. दोन वर्षांपूर्वी सहा होती. डोकलामला भारत-चीनचं सैन्य समोरासमोर होतं तेव्हा तुम्ही रोज टीव्हीपुढे बसून होतात आणि इथे माझ्या शेजारणीनं मला डंपलिंग करायला शिकवली. हे सगळं मी तुम्हाला पटवायला लिहितोय की मला स्वतःला, देव जाणे.

आता एक गोष्ट लिहू की नको असं दोन दिवस चाललंय. मार्बरी न्यूयॉर्ककडून खेळायचा, म्हणजे स्वतःच्याच गावात. 2007च्या डिसेंबरात त्याचे वडील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याचा सामना बघायला आले होते. तिथेच त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा मैदानावर, आणि त्याला कळलं ते सामना संपल्यावर. तोवर ते गेले होते.

बाबा, रागावू नका. नोव्हेंबरात ताईचा फोन आला तेव्हा मी वर्ग घेत होतो, फोन बॅगेत होता. मी आठव्या दिवशी पोचलो. तुम्ही तेव्हा म्हणालात, "कामं सोडून कशाला आलास?" ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही. जवळ असतो तर काय झालं असतं हा हिशेब मी रोज मांडतो, रोज चुकतो. मार्बरीचं लिहून तुम्हाला घाबरवायचं नव्हतं. खरं तर हा परिच्छेद खोडायला हवा.

आई, जेवणाचं. तूरडाळ इथे मिळते, कुकर तुझाच आहे, आणि तू दिलेल्या मुगवड्या अजून दोन मूठ शिल्लक आहेत. सांभार, म्हणजे इथली कोथिंबीर, फक्त आपल्यासारखा वास देत नाही. घर गरम असतं, 15 मार्चपर्यंत सरकारी हीटिंग चालू, रात्री मी साध्या बनियनवर झोपतो. तू विणलेला स्वेटर बाहेर जाताना घालतो. खरंच घालतो, ताईला फोटो पाठवलाय.

आता माझं ऐका. बाबांच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे भरायच्या, पाकिटातून हातानं काढायच्या नाहीत. माळ्यावर स्टुलावर चढायचं नाही, देशपांडे काकूंचं झालं ते पुरे. होळीच्या आत कूलर काढायचा असेल तर शेजारच्या पोराला बोलवा, बाबांनी हात लावायचा नाही. भाऊजी पैसे मागत नाहीत म्हणून त्यांना गृहीत धरू नका. आई, गुडघा दुखत असताना चतुर्थीला टेकडीच्या गणपतीला पायी जाण्याची काही गरज नाही, तो समजून घेईल.

एप्रिलमध्ये येतोय. तिकीट काढलंय, एकवीस दिवस. बाबा, तो जुना बॉल माळ्यावरून काढून घ्या, म्हणजे भाऊजींना काढायला सांगा, आणि हवा भरून ठेवा. कॉलनीच्या कोर्टवर तुम्ही फक्त खुर्चीत बसायचं आणि पूर्वीसारखे माझे पन्नास फ्री थ्रो मोजायचे. चुकलेले मोजायचे नाहीत, हेही पूर्वीसारखंच.

तुमचा,
पिंट्या