चिंचेने घासू नका, किलोवर घालू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

आपल्या साताऱ्यात एकेक करून जुने वाडे पाडले जाताहेत आणि आतलं सामान टेम्पो भरभरून भंगारात चाललंय, म्हणून हे पत्र. मी गेली पंधरा वर्षं जुने फ्रेंच ब्राँझचे घोडे जमवतोय, आजवर चारच मिळालेत, त्यातला एक तर हातगाडीवर फुटक्या बंबाखाली आडवा पडलेला, काट्यावर सात किलो भरला आणि पितळेच्या भावाने मला दिला. घरी आणून पुसला तर पायाजवळ मेन अशी सही, घोड्याच्या पोटावरच्या शिरा, नाकपुडी, लगामाची बारीक तार सगळं जागच्या जागी, रात्री किती वेळ बघत बसलो.

पिएर-ज्यूल मेन (१८१० ते १८७९) हा पॅरिसचा शिल्पकार, आधी मेणात घडवायचा आणि स्वतःच्याच कारखान्यात ओतायचा. बारी, इझिदोर बोनर, फ्रेमिए हे त्याच काळातले शिल्पकार. पॅरिसच्या चौकातली घोड्यावरची सोनेरी जोन ऑफ आर्क १८७४ सालची, ती फ्रेमिएचीच.

आता नुसती सही बघून भुलू नका हं. जुन्या शिल्पावरूनच साचा काढून परत ओतलेल्या नकला बाजारात भरपूर आहेत, त्यात सहीसुद्धा उतरते, पण धातू गार होताना आकसतो त्यामुळे नक्कल मूळापेक्षा किंचित लहान भरते आणि आयाळ, डोळे बोथट येतात. काही तर जस्ताचे असतात वरून ब्राँझसारखा रंग दिलेले, तळाला आतल्या बाजूने जरासं खरवडलं की ब्राँझ पिवळं दिसतं आणि जस्त करडं.

पण खरं दुःख वेगळंच आहे. आमच्याच नात्यातल्या एका घरी असाच घोडा होता, वर जॉकी, मुरलेला गडद चॉकलेटी रंग. लग्नाच्या साफसफाईत कुणीतरी तो काळा पडलाय म्हणून चिंच आणि राखेने समईसारखा लख्ख घासून काढला. अहो तो मळ नव्हता! ओतकाम झाल्यावर धातू तापवून आणि रसायनं लावून तो रंग मुद्दाम चढवलेला असतो आणि पुढची शंभर वर्षं तो मुरत जातो. तो एकदा गेला की परत येत नाही, दुसरा चढवता येतो पण तो नवाच दिसतो. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, बास.

आपल्याच जिल्ह्यात औंधला तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये म्युझियम उभं केलं, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे तिथे. औंधला किंवा साताऱ्याच्या शिवाजी संग्रहालयात वर्षातून एक दिवस जाणकार बसवावेत, लोकांनी घरातल्या जुन्या वस्तू आणून दाखवाव्यात, आणि आपल्या पेपरने त्याची बातमी आठ दिवस आधी छापावी एवढी विनंती. दिवाळीच्या आवराआवरीच्या आधी जमलं तर फार बरं होईल.

आपला एक वाचक, सातारा