क्रिएटिनिन नॉर्मल आलं म्हणून सुटलो असं नाही

संपादक साहेब, नमस्कार,

किडनी आणि फॅटी लिव्हरच्या नवीन औषधांवर परवा तुमच्या पेपरात जे आलं ते वाचलं. इंजेक्शनबद्दल भरपूर होतं पण लघवीच्या टेस्टबद्दल एक ओळ नाही, म्हणून लिहितेय.

आमच्या ह्यांना सहा वर्षं शुगर आहे. दर दिवाळीनंतर फुल बॉडी चेकअपचं पॅकेज करतो, सोनोग्राफीत तीन वर्षं 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' येतंय आणि दर वेळी तेच उत्तर, अहो वहिनी आजकाल सगळ्यांनाच असतं, तेलकट कमी करा. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) १.१, म्हणजे किडनी ओके. यंदा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी पहिलंच विचारलं, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, कधी तपासलंत? कधीच नाही! रिपोर्ट आला १४०, पाहिजे ३० च्या आत. तीन महिन्यांनी परत केली तरी तेवढंच.

म्हणे क्रिएटिनिन बरेचदा किडनीचं निम्मं काम गेल्यावरच वर जायला लागतं, पण शुगरने तिथल्या बारीक गाळण्यांत प्रेशर वाढलं की अल्ब्युमिन त्याच्या कितीतरी आधी गळायला लागतं. लिव्हरचं दुखणंही त्याच घरातलं, इन्सुलिन नीट लागू पडत नाही मग चरबी लिव्हरमध्ये साठते, सूज येते, काहींचं लिव्हर हळूहळू कडक होत जातं. २०२३ मध्ये फॅटी लिव्हरच्या इंग्रजी नावातच 'मेटाबॉलिक' शब्द घातलाय (आमच्या चाळीत अजून 'दारू पीत नाहीत तरी कसं?' हेच चालू). वय, रक्तातली लिव्हरची दोन एन्झाइम आणि प्लेटलेट एवढ्यावरून लिव्हर कितपत कडक झालं असेल याचा अंदाज काढता येतो, आणि हे सगळे आकडे आमच्या फायलीत तीन वर्षं नुसते पडून होते. याचा मला जास्त राग आला.

तुम्ही लिहिलेल्या इंजेक्शनांपैकी सेमाग्लुटाइडला अमेरिकेत २०२५ मध्ये आधी किडनीसाठी आणि मग लिव्हरसाठी मंजुरी मिळाली, चांगलंच आहे. पण ह्यांना दिली डापाग्लिफ्लोझिनची साधी गोळी, जिचं मूळ पेटंट आपल्याकडे २०२० मध्येच संपलं. ती शुगर लघवीवाटे बाहेर काढते आणि गाळणीतलं प्रेशर उतरवते, २०२० च्या मोठ्या अभ्यासात तर शुगर नसलेल्या किडनी पेशंटनाही फायदा दिसला होता.

आणि ते 'लिव्हर डिटॉक्स' काढे, जाहिराती बघून बायका विचारतात. कोविडच्या वेळी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या पेशंटची नोंद मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली होती, ते छापा की परत.

डॉक्टरांनी वजन सात ते दहा टक्के उतरवायला सांगितलंय. ८४ चे ८१ झालेत, स्टेशनबाहेरचा वडापाव सुटला, संध्याकाळची फरसाणची वाटी अजून नाही.

तेवढं लघवीतल्या अल्ब्युमिनच्या टेस्टचं 'युरिन एसीआर' हे नाव ठळक अक्षरात छापा, कात्रण घेऊन लॅबच्या काउंटरवर दाखवता येईल, मला तिथे तीनदा सांगावं लागलं.

– एक वाचक, विक्रोळी