जांभळं स्केचपेन

एडिंबरा, १ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आपलं जे झालं ते आईने ‘नेटवर्क गेलं’ म्हणून सांभाळून घेतलं. नेटवर्क कुठेही गेलं नव्हतं, तुम्ही फोन ठेवला होता. म्हणून हे पत्र. पत्रात मला मध्येच तोडता येत नाही.

तुम्ही म्हणालात, विधानसभेचा हा निकाल बघितल्यावर आता मत द्यायलाच जायचं नाही. ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर तुमची सकाळची मंडळी मतदानाच्या मशीनवर संशय घेत बोलतात ते मला ठाऊक आहे. तो वाद आज बाजूला ठेवते. समजा, एकूण एक मत बरोबर मोजलं गेलं. तरी आकडे बघा. काँग्रेसला १२.४२ टक्के मतं, जागा १६. शिंदेंच्या शिवसेनेला १२.३८ टक्के, जागा ५७. शरद पवारांच्या पक्षाला ११ टक्क्यांच्या वर मतं आणि जागा १०. अजित पवारांच्या पक्षाला ९ टक्के, जागा ४१. कुणी किती जागा लढवल्या त्यात फरक होता, युतीत एकाची मतं दुसऱ्याला पडतात, हे सगळं धरूनही ताळा जुळत नाही. पण मग लोकसभा आठवा. तेव्हा दोन्ही आघाड्यांची मतं जवळजवळ सारखी होती आणि जागा महाविकास आघाडीला ३०, महायुतीला १७. त्या दिवशी तुम्ही पेढे आणले होते, बाबा. तेव्हा तुम्हाला ताळा घालावासा वाटला नाही.

आमच्याकडेही हेच. (‘आमच्याकडे’ म्हटलं की आई रुसते. इथे.) जुलैत ब्रिटनच्या संसदेच्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा मिळाल्या. रिफॉर्म यूके या पक्षाला ४१ लाख मतं आणि जागा ५, लिबरल डेमोक्रॅट्सना ३५ लाख मतं आणि जागा ७२. मला तो रिफॉर्म पक्ष अजिबात आवडत नाही, पण म्हणून ४१ लाख माणसं पाच खुर्च्यांत बसवायची हे काही पटत नाही. स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीला ३० टक्के मतांवर ९ जागा, आणि याच पक्षाला २०१५ साली निम्म्या मतांवर ५९ पैकी ५६ मिळाल्या होत्या. म्हणजे त्यांच्याही घरी पेढे येऊन गेलेत.

४ जुलैला मीही मत दिलं, एका शाळेच्या हॉलमध्ये, भारतीय पासपोर्ट दाखवून. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला इथे मत आहे. दोऱ्याने बांधलेली पेन्सिल, कागदावर एक फुली, बोटाला शाई नाही, दाराशी कुणाचा तरी कुत्रा बांधलेला. माझा उमेदवार पडला आणि माझी फुली रद्दीत गेली. हाच पासपोर्ट घेऊन ठाण्यात मत द्यायचं तर मात्र विमानाचं तिकीट काढावं लागतं, कारण परदेशात राहणाऱ्या मतदाराने केंद्रावर जातीने हजर राहायचं असा आपला नियम आहे.

त्याच्या आठच दिवस आधी, २६ जूनला, मी घरी होते. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक होती. डिग्रीची झेरॉक्स जोडून नाव नव्याने नोंदवावं लागलं म्हणून तुम्ही महिनाभर कुरकुरत होतात, आणि मत देऊन आलात ते बोटाला लागलेला जांभळ्या स्केचपेनचा डाग दाखवत. आईने विचारलं, आवडत्या नावापुढे एक लिहिला की झालं, दुसऱ्या पसंतीचा दोन नंबर कशाला लिहायचा? तुम्ही ओट्यावर शेंगदाण्यांचे ढीग मांडलेत. निम्म्याहून जास्त कुणाकडेच नाहीत, मग सगळ्यात लहान ढीग मोडायचा आणि त्यातले दाणे ज्याच्या त्याच्या दोन नंबरच्या ढिगात टाकायचे. आई म्हणाली, म्हणजे हरणाऱ्याला दिलेलं मतही कामी येतं तर. तुम्ही म्हणालात, हो. आणि ते कूट तिने साबुदाण्यात घातलं.

बाबा, इथली पालिकेची निवडणूक २००७ पासून तशीच होते. मे २०२२ मध्ये मी नावांपुढे १, २, ३ लिहून आले. समजा चार नगरसेवकांचा प्रभाग आहे आणि मतं पडली वीस हजार. वीस हजार भागिले पाच (जागांपेक्षा एक जास्त), अधिक एक. ४००१ मतं झाली की एक जागा पक्की. चाळीस टक्क्यांच्या पक्षाला दोन मिळतात, बाकीच्या दोन इतरांना. ठाण्यातही प्रभाग चारचाच. २०१७ ला तुम्ही अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबलीत. पण तिथे चार लढती वेगळ्या, त्यामुळे तोच चाळीस टक्क्यांचा पक्ष चारही जागा नेऊ शकतो आणि उरलेले साठ टक्के हात हलवत घरी. ग्लासगोत २००३ साली जुन्या पद्धतीने असंच झालं होतं: निम्म्याहून कमी मतांत ७९ पैकी ७१ जागा एकाच पक्षाला. अर्थात, निवडणूक झाली तर पद्धतीचा प्रश्न. नगरसेवकांची मुदत ठाण्यात मार्च २०२२ मध्ये संपली आणि नवी मुंबईत २०२० मध्ये, पण पुढे वर्षानुवर्षं निवडणूकच झाली नाही. ऐरोलीची मावशी म्हणते, तक्रार कुणाच्या दारात न्यायची तेच विसरायला झालंय.

बदल का होत नाही ते तुम्हाला मी काय सांगणार. जुन्या रीतीने जो निवडून आला तो रीत कशाला बदलेल? मजूर पक्षाने १९९७ च्या जाहीरनाम्यात या विषयावर सार्वमताचं वचन दिलं, प्रचंड बहुमत मिळालं आणि सार्वमत राहिलं ते राहिलंच. २०११ मध्ये दुसऱ्या सरकारने पसंतीक्रमावर घेतलं, तर ६८ टक्के लोक नको म्हणाले. आपल्या विधी आयोगाने १९९९ च्या अहवालात काही जागा पक्षांच्या याद्यांतून मतांच्या प्रमाणात द्या असं सुचवलं होतं, पण मला ते पक्षाच्या याद्यांचं प्रकरण नको वाटतं. यादी कोण करणार? ज्यांच्या बंगल्याबाहेर आजही तिकिटासाठी रांग लागते तेच.

बाबासाहेबांनी घटना समितीत प्रमाणशीर पद्धतीला विरोध केला होता, हे तुम्ही म्हणाल. खरंय. त्यांचं एक कारण होतं की मतदाराला निदान अंक ओळखता यायला हवेत. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्के होती. आज मावशी यूपीआयने भाजी घेते. राष्ट्रपती, राज्यसभा, विधान परिषद, सगळीकडे पसंतीक्रमच आहे. आमदाराला एक-दोन-तीन लिहिता येतं आणि मावशीला येणार नाही?

तर कट्ट्यावर मशीनचा विषय निघाला की एकदा ते शेंगदाणे घेऊन जा.

इथे चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. भाजणी संपत आलीय, कुणी येणार असेल तर आईला दोन किलो द्यायला सांगा.

आपली,
मनू

ता. क. जूनमध्ये तुम्ही दोन नंबर कुणाला दिलात ते शेवटपर्यंत सांगितलं नाहीत. मी नाही, आई विचारतेय.