३.२५ची पट्टी लावणाऱ्या काकांना

काका,

सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. शिवाय इथे मिशिगनमध्ये जुन्या अमेरिकन गाड्या बाळगणारी आपली बरीच मंडळी आहेत. तुम्ही माझ्या मस्टँगच्या मागच्या अ‍ॅक्सलचं जे काम केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

१९६७ची मस्टँग, २८९ घनइंचांचं, दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं इंजिन, चार गिअरचा टॉपलोडर गिअरबॉक्स, मागे फोर्डचा आठ इंची अ‍ॅक्सल. यात दुर्मीळ असं काही नाही. तरी मागच्या रेशोचा (चाकाच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागे जाणाऱ्या दांड्याचे, किती फेरे) विषय काढला की प्रत्येक जण छातीठोकपणे एक आकडा सांगतो, आणि तो आकडा नेमका त्याच्याकडे पडून असलेल्या क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या मोठ्या-लहान दातेरी चाकांच्या जोडीचा असतो. ‘४.११ टाका, गाडी उडेल’ म्हणून तोच सेट बसवून देणाऱ्याने गाडी कुठे चालते हे विचारलं नव्हतं. टायर कोणते, टॉपला रेशो किती, पुढे पाच गिअरचा बॉक्स बसवणार का, यातलं काहीच नाही. पैसे मोजून घेताना मात्र चूक नव्हती.

तुम्ही बॉनेटसुद्धा उघडलं नाहीत. ‘आधी चाक मोज की रं, मग दातांचं बघू,’ म्हणालात आणि खडू हातात दिलात. टायरवर एक खूण, जमिनीवर एक खूण, गाडी सरळ ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा, पुन्हा खूण. टायर २१५/६५ आर १५. कागदावर त्याचा व्यास २६ इंच, म्हणजे घेर पावणेब्याऐंशीच्या घरात. जमिनीवरचं अंतर भरलं ७९ इंच, कारण गाडीच्या वजनाखाली टायर दबतो. एका मैलात ६३,३६० इंच, म्हणजे मैलाला ८०२ फेरे. याला रेशोने आणि मैलांतल्या वेगाने गुणायचं, ६०ने भागायचं, की इंजिनाचे मिनिटाचे फेरे हातात. टॉपलोडरचा चौथा गिअर सरळ १:१ असल्यामुळे मध्ये दुसरं काही येत नाही.

हायवेवर ७० मैलांच्या वेगाला ४.११ असेल तर इंजिन ३,८५०वर फिरतं. ३.५५ला ३,३२०, ३.२५ला ३,०४०, ३.००ला २,८१०. या इंजिनाचा सगळ्यात जास्त टॉर्क २,४००ला मिळतो आणि २०० घोडे पूर्ण होतात ४,४००ला. म्हणजे ४.११ घालून आय-७५वर नुसतं सरळ चालायचं तरी इंजिन आपल्या ताकदीच्या टोकाजवळ तासन्‌तास ओरडत राहणार. पेट्रोल, आवाज, तापमान सगळं त्याच्या मागोमाग आलं. ड्रॅगस्ट्रिपवर हाच सेट सोन्यासारखा, पण तिथे पाव मैलात खेळ संपतो.

मग पहिला गिअर. टॉपलोडरचा हा प्रकार वाइड रेशोचा, पहिला २.७८. त्याला मागच्या रेशोने गुणलं की गाडी जागची कशी उठेल ते कळतं. ३.००ला ८.३ येतात, डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला क्लच थोडा जास्त घासावा लागतो. ३.२५ला ९. ३.५५ला ९.९. ४.११ला ११.४, म्हणजे पहिला टाकेपर्यंत दुसऱ्याची वेळ. शहरात चालणाऱ्या गाडीला ९ ते ११ पुरतात. इथपर्यंत आल्यावर प्रश्न उरतो ३.२५ आणि ३.५५ एवढाच, आणि तो सोडवणारा प्रश्न तुम्हीच विचारलात: टी-५, म्हणजे पाच गिअरचा बॉक्स, बसवायचा विचार आहे का? असेल तर ३.५५, कारण पाचवा ०.६८चा आला की ७०ला इंजिन २,२६०वर उतरतं आणि ३.३५च्या पहिल्यामुळे उठावही दांडगा मिळतो. नसेल तर ३.२५. बॉक्स आहे तोच ठेवायचा होता, म्हणून ३.२५. तुमच्या फळीवर ३.५५चा कोरा सेट होता, तो तुम्ही हातात घेऊन दाखवलासुद्धा नाहीत.

ज्यांना आपल्या गाडीत सध्या काय आहे तेच माहीत नाही त्यांच्यासाठी तुमची युक्ती इथे सांगून टाकतो. साधा डिफरन्शियल असेल तर मागचं एकच चाक उचलायचं, दुसरं जमिनीवर, पुढच्या चाकांना अडसर, गिअर न्यूट्रलला. चाक २० वेळा फिरवायचं आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजायचे. साडेबत्तीस आले तर ३.२५, साडेपस्तीस आले तर ३.५५. दोनच वेळा फिरवून अंदाज बांधणारे या दोघांत हमखास गफलत करतात. आणि मागचा अ‍ॅक्सल आठ इंची की नऊ इंची हे ओळखायला थर्ड मेंबरचे (क्राउन-पिनियन ज्यात बसतात त्या सुट्या भागाचे) खालचे नट बघायचे. सॉकेट सरळ बसला तर आठ, फक्त पाना शिरत असेल तर नऊ. एकाचा सेट दुसऱ्याला चालत नाही, तरी विकणारे विकतात.

आता आधीच्या कामाबद्दल. ४.११चा सेट बसवल्यापासून ४५ मैलांच्या पुढे रडत होता. ‘जुन्या गाड्या ओरडतातच, दात बसले की शांत होईल’ हे उत्तर मिळालं. पहिल्या दिवशी रडणारा क्राउन-पिनियन पुढे शांत होत नाही, चुकीच्या जागी झिजून तसाच राहतो. तुम्ही उघडलात तेव्हा दात एकमेकांना टेकतात तिथला ठसा वरच्या कडेला सरकलेला होता, पिनियन क्राउनपासून लांब राहिलेला. आठ इंचीत हे अंतर ठरवणारी शिम, म्हणजे पातळ चकती, पिनियनच्या रिटेनरखाली, बाहेरच्या बाजूला असते. बेअरिंग प्रेसवर न काढता बदलता येते. जाड शिमने पिनियन लांब जातो, पातळने जवळ येतो. एवढी सोय असताना कोणी पिवळी पेस्ट लावून ठसा बघायचे कष्ट घेतले नव्हते.

नवा ३.२५चा सेट म्हणजे क्राउनचे ३९ दात आणि पिनियनचे १२ दात. दोन्हींना ३ने भाग जातो, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या ठरावीक १३ दातांनाच पुन्हा पुन्हा भेटतो. असा सेट जुळवताना दोन्हीवरच्या खुणा एकमेकींसमोर आणाव्या लागतात. ३९-११च्या ३.५५ला ही कटकट नाही, तिथे सगळे सगळ्यांना भेटतात. तुम्ही खुणा जुळवल्यात, बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, इंचाच्या ८ ते १२ हजारांशांच्या मध्ये आणलात, क्राउनच्या चार जागी मोजलात. क्रश स्लीव्ह, म्हणजे आवळताना दबणारी नळी, नवी घातलीत आणि नट हळूहळू आवळत पिनियनचा ताण २० इंच-पाउंडांच्या आसपास थांबवलात. तो पुढे गेला असता तर नट ढिला करून चालत नाही, नवीच स्लीव्ह लागते. हेही तुम्ही हात थांबवून समजावलंत.

पण काका, पत्राचं खरं कारण ती पट्टी आहे.

थर्ड मेंबर हाउसिंगमध्ये बसला, तांब्याचे वॉशर लागले, दहा नट आवळून झाले. काम संपलं असं वाटत असताना तुम्ही पत्र्याचा एक तुकडा कापलात आणि अक्षरठशांनी त्यावर ठोकलंत: ३.२५, ३९-१२, शिमची जाडी, बॅकलॅश, चाकाचा घेर ७९. एका नटाखाली तो अडकवलात. मग गाडीखाली आडवे होऊन पाहिलंत आणि पुन्हा उठून पट्टी वाकवलीत, खाली झोपलेल्या माणसाला अक्षरं सुलटी दिसावीत म्हणून. फोर्डची मूळ पट्टी कोणीतरी कधीच काढून फेकली होती, आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला होता. ही नवी पट्टी वाचणारा माणूस कदाचित वीस वर्षांनी येईल, तुम्हाला ओळखणारही नाही. त्याच्यासाठी तुम्ही गुडघ्यांचं दुखणं विसरून दुसऱ्यांदा खाली झोपलात. बिलात त्याची ओळ नाही.

झाकण लागलं की आतलं काम दिसत नाही, अशा धंद्यात हात आखडायला कितीतरी जागा आहे. तरीही तुम्ही नाही आखडलात. जुना ४.११चा सेट परत देताना म्हणालात, ‘विकशील तर आवाज करतो असं लिहून वीक.’ तसंच लिहिलंय. गिऱ्हाईक अजून आलेलं नाही, येईल तेव्हा येईल.

स्पीडोमीटरचंही झालं. आधीच्यांनी ३.००साठीचा १७ दातांचा गिअर तसाच ठेवून ४.११ घातला होता. खरे ६० असताना काटा ८१वर, आणि ओडोमीटरही त्याच हिशेबाने पळत होता. तुमच्या सूत्राप्रमाणे बॉक्समधल्या ७ दातांना ३.२५ने आणि ८०२ने गुणून १,००१ने (स्पीडोमीटरच्या केबलचे मैलाला होणारे फेरे) भागलं की १८.२ येतात. १८चा गिअर बसवलाय. जीपीएसशी ताडून पाहिलं, ६०ला साधारण पाऊण मैलाचा फरक आहे, तो राहू द्या.

सांगितल्याप्रमाणे पहिले २० मैल हळू चालवून गाडी पूर्ण थंड होऊ दिली. ७०ला आता मागून काहीच ऐकू येत नाही, फक्त खिडकीच्या रबराची शिट्टी येते. ५०० मैल झाले की तेल बदलायला येतो. या हाउसिंगला ड्रेन प्लग नाही, तेव्हा सक्शन पंप आणि ८०डब्ल्यू-९०चं तेल मीच आणतो. साडेचार पिंट लागतं ना? तुम्ही विकत आणून ठेवू नका, आणि या वेळी मजुरी घ्यायची.

काकूंना नमस्कार.

आपला,
मस्टँगवाला