पार्किंगमधल्या फ्लडलाइटबाबत तिसरं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सचिव यांस,
स. न. वि. वि.

माझ्या 12 जानेवारी आणि 18 एप्रिलच्या अर्जांची पोच मिळाली, उत्तर नाही. बी-विंगच्या भिंतीवरचा तो 100 वॉटचा दिवा गेल्या वर्षी गणपतीच्या मांडवासाठी लावला होता. विसर्जन झालं, दिवा राहिला.

सचिव फोनवर म्हणाले, “वहिनी, पडदा लावा ना.” लावलाय. जाड, अस्तराचा, चार हजारांचा. तरी कडेच्या फटीतून उजेड येतो आणि ग्रिलची सावली रात्रभर कपाटावर असते. या उकाड्यात खिडकीही लावून घ्यायची का? परवा सासूबाई (वय 81) उजाडलं समजून रात्री दोनला गीझर लावून बसल्या.

दिवा सुरक्षेसाठी आहे म्हणतात. तो ज्यांच्या नव्या गाडीच्या डोक्यावर आहे ते कार्यकारिणीत आहेत, याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्याचं तोंड खाली नसून समोर आहे. सीसीटीव्हीत नुसता पांढरा गोळा दिसतो, आणि मार्चमध्ये स्कूटरची बॅटरी गेली ती याच दिव्यामागच्या अंधारातून.

असा निळसर-पांढरा उजेड रात्री मेलाटोनिन (झोप आणणारं संप्रेरक) कमी करतो, म्हणून झोप लागत नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ची, म्हणजे रात्रीचा काळोख जपणाऱ्या जागेची, मान्यता मिळाली, त्यासाठी जवळच्या गावांतले शंभरावर दिवे जमिनीकडे वळवले. वाघांची सोय होते; मेंटेनन्स वेळेवर भरणाऱ्या सभासदाची नाही. (वेळेवर कोण भरत नाही, ते नोटीस बोर्डावर आहेच.)

दुसऱ्या सभासदाला उपद्रव होईल असं काही करू नये, असं उपविधींत आहे. माझ्या ग्रिलमधल्या कुंड्यांच्या वेळी आपणच मला ते मोठ्याने वाचून दाखवलं होतंत. कुंड्यांचा विषय आज नको.

103 आणि 303 वालेही वैतागलेत. सही करणार नाहीत, पण जिन्यात भेटले की हेच बोलतात.

दिवा खाली वळवा, वर पत्र्याचा टोप बसवा, जमलं तर 2700 केल्विनचा पिवळा लावून अकरानंतर सेन्सरवर ठेवा. इलेक्ट्रिशियनचे पैसे मी देते, पावती मात्र हवी. ते जमत नसेल तर शनिवारी रात्री साडेअकराला कार्यकारिणीने आमच्याकडे चहाला यावं. बेडरूममध्येच बसू. दिवा लावायची गरज पडणार नाही.

आपली,
सभासद, ए-203