3000 किलोच्या आतल्या टेम्पोला तरी सोडा साहेब! परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब नमस्कार,

छोटा हत्ती, म्हणजे टाटा एससारखा छोटा टेम्पो, आता छोट्या माणसाला परवडेनासा झालाय. त्यात कंपनीचा, बँकेचा, डिझेलचा जो काही वाटा असेल तो असो, पण एक वाटा तुमच्या खात्याच्या टॅक्सचा पण आहे आणि तो तुम्ही मनावर घेतलं तर कमी होऊ शकतो, म्हणून हे पत्र. मी कात्रजला राहतो, प्लंबिंग हार्डवेअरचं दुकान आहे. स्वतःचा टेम्पो नाही, भाड्यानं बोलावतो, त्यामुळं टेम्पोवाल्यांशी रोजचा संबंध येतो आणि त्यांचं रडगाणं पण रोजच ऐकतो. (आमचे वीस फुटी पाईप हौद्यातून मागं बाहेर येतात, लाल फडकं बांधतो, तो वेगळा विषय आहे, त्यावर पावती फाडू नका.)

मागणी म्हणाल तर आज पुण्यात छोट्या टेम्पोशिवाय पान हलत नाही. पेठांमधल्या गल्ल्यांत मोठा ट्रक शिरतच नाही, आणि शहरात दिवसा जड वाहनांना ठिकठिकाणी बंदी असते, म्हणजे बाहेरून आलेला माल शेवटी याच गाड्यांवर चढणार. मार्केट यार्डातून भाजी निघाली की छोटा हत्ती, वाघोली-उंड्रीच्या नव्या फ्लॅटमध्ये कपाट न्यायचं की छोटा हत्ती, लग्नाचा मांडव, गणपतीची मिरवणूक, फ्लिपकार्टची खोकी, पाण्याचे जार, सगळं त्याच्यावरच. जुना टेम्पो विकायला काढला तर दोन दिवस टिकत नाही, आणि भाव ऐकला की वाटतं हा नव्याचा सांगतोय का काय.

2005 साली टाटानी एस बाजारात आणली तेव्हा किंमत सव्वादोन लाखाच्या आसपास होती. पाऊण टन माल, दोन सिलिंडरचं बारकं इंजिन, आणि बरं का, ही गाडी आपल्या पुण्यातच घडली, पहिल्यांदा तयारही इथंच व्हायची. कुणाच्या तरी हाताखाली हमाली करणारा, थ्री व्हीलर चालवणारा माणूस त्या गाडीमुळं मालक झाला. मग 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6, म्हणजे धुराचे नवे कडक नियम आले, इंजिनं बदलली, किमती चढल्या. धूर कमी झाला त्याबद्दल तक्रार नाही, पुण्याची हवा आपणच खातो. 2025 च्या जूनमध्ये टाटानी एस प्रो काढली, 3 लाख 99 हजारापासून पुढं, ती खास स्वस्त म्हणून काढली होती. म्हणजे तेव्हा स्वस्तातली स्वस्त चार लाखाला, आणि जरा दमदार पिकअप घ्यायचा, बोलेरोसारखा, तर दहा लाखाच्या घरात विचार करायचा.

हे फक्त आपल्याकडंच चाललंय असं नाही म्हणा. अमेरिकेत फोर्डनी मॅव्हरिक नावाचा छोटा पिकअप 2021 मध्ये आणला, सुरुवातीची किंमत 20 हजार डॉलरच्या आत, लोकांच्या उड्या पडल्या, आणि आता तोच 25 हजाराच्या वर गेलाय. तिथं तो लोकांच्या दारात हौसेखातर पण उभा असतो, आपल्याकडं त्याच्यावर घराचा हप्ता आणि पोरांच्या फिया चालतात, एवढाच फरक.

आता मुद्द्यावर येतो. मार्च 2025 च्या बजेटमध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं की 7500 किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या 7 टक्के मोटार वाहन कर, तो पण एकरकमी, आणि जुलैपासून ते लागू झालं. आधी हा कर गाडीच्या वजनावर होता. कर बजेटमध्ये ठरतो हे माहितीये, पण आरटीओ तुमचं आहे, त्यामुळं बोलायचं तर तुमच्याशीच. दहा लाखाच्या पिकअपला सत्तर हजार, पाच लाखाच्या छोट्या हत्तीला पस्तीस हजार, हे शोरूममधून गाडी बाहेर पडायच्या आधी. फायनान्सवाले कर्ज बहुतेक वेळा एक्स शोरूम किमतीवर धरतात, टॅक्स आणि इन्शुरन्स ज्याचा त्यानं खिशातून भरायचा. आणि इन्शुरन्स म्हणजे काय, नुसत्या थर्ड पार्टीचाच दर 2022 च्या तक्त्यात वर्षाला 16,049 रुपये आहे, आणि तिथं पण तोच घोळ, 7500 किलोपर्यंत सगळ्यांना एकच दर, दीड टनाचा छोटा हत्ती असो नाहीतर सात टनाचा ट्रक असो. तो दर दिल्लीत ठरतो त्यामुळं त्यावर तुमच्याशी भांडत नाही.

गंमत अशी की केंद्रानं सप्टेंबर 2025 मध्ये मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आणला, पेढे वाटायची वेळ होती. हिशोब करून बघा. जीएसटीच्या आधी चार लाखाची गाडी 28 टक्क्यांनी 5 लाख 12 हजाराला पडायची, 18 टक्क्यांनी 4 लाख 72 हजाराला, म्हणजे चाळीस हजार वाचले. त्या 4 लाख 72 हजारावर तुमचे 7 टक्के लावा, तेहतीस हजार होतात. दिल्लीनं डाव्या खिशात घातले, मुंबईनं उजव्या खिशातून काढले, आणि आमचा गडी दोन्ही खिसे चाचपत शोरूममध्ये उभा.

आमच्या दुकानात माल उतरवणारा एक पोरगा आहे, हुशार आहे, लायसन आहे, गिऱ्हाईकं ओळखीची झालीत. त्याला स्वतःची गाडी घ्यायचीये. मीच त्याला म्हटलं घे, आपला सगळा माल तुझ्याकडंच देतो. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन असलेला माणूस 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो, म्हणजे तो पण अडथळा राहिला नाही. त्यानं डाउन पेमेंट साठवलंय. अडलंय ते टॅक्स आणि इन्शुरन्सच्या पन्नास हजारावर, आणि तेवढ्यासाठी खाजगी सावकाराकडं जायचा विचार करतोय, मी अजून तरी त्याला जाऊ दिलं नाही.

मला काय म्हणायचंय ते एकच आहे साहेब. सगळ्यात लहान गाडीवरचा टॅक्स किमतीवर लावू नका, वजनावर लावा, आणि एकदम मागू नका. रस्ता खराब होतो तो वजनानं, किमतीनं नाही. आणि टॅक्स किमतीला बांधला की कंपनीनं भाव वाढवला की तुमचा टॅक्स आपोआप वाढतो, म्हणजे महागाई झाली की सरकारचा फायदा, हे बरं दिसत नाही.

लहान गाडी म्हणजे कुठली असं विचाराल तर नवीन रेघ मारायची गरजच नाही, कायद्यात आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 मध्ये एकूण वजन 3000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिटच लागत नाही. म्हणजे ही गाडी छोट्या माणसाची आहे हे कायद्यानं तेव्हाच मानलंय. परमिटला जी रेघ चालते ती टॅक्सला का चालू नये? जपानमध्ये 660 सीसीच्या आतल्या बारक्या गाड्यांचा वेगळाच वर्ग आहे, आणि तिथल्या खाजगी छोट्या ट्रकला वर्षाचा ठरावीक कर पाच हजार येन, म्हणजे आपले तीनेक हजार रुपये, गाडी कितीला घेतली याच्याशी संबंध नाही. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांच्या दारात असा ट्रक असतोच असतो.

तुमचे अधिकारी म्हणतील की वर्षाच्या वर्षाला टॅक्स कुणी भरत नाही, थकबाकी राहते, चकरा वाढतात. त्यांचं अगदीच चूक नाही, मी पण असे बघितलेत ज्यांना टॅक्सची आठवण गाडी अडवल्यावरच होते. पण मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, म्हणजे गाडीची तपासणी, करून घ्यावंच लागतं, त्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. त्याच दिवशी दोन वर्षांचा टॅक्स घ्या, टॅक्सची पावती नाही तर फिटनेस नाही, विषय संपला. एका चकरेत दोन कामं होतील आणि थकबाकी पण राहणार नाही.

कुणी म्हणेल इलेक्ट्रिक घ्या, तिला टॅक्स माफ आहे. खरंय, पण एस प्रोचीच इलेक्ट्रिक आली तेव्हा साडेसहा लाखाची होती, पेट्रोलपेक्षा अडीच लाख जास्त. अठ्ठावीस हजार वाचवायला अडीच लाख जास्त मोजायचे, आणि रात्री चार्जिंग कुठं करायचं, टेम्पोवाल्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी नाल्याकडंला लागते, त्याच्या सोसायटीला पार्किंग असतं तर तो टेम्पो कशाला चालवत बसला असता.

बजेटमध्ये या 7 टक्क्यांतून राज्याला 625 कोटी जादा मिळतील असा अंदाज सांगितला होता. त्यातला 3000 किलोच्या आतल्या गाड्यांचा वाटा किती, तो आकडा तुमच्या खात्याकडं असणारच, ‘वाहन’ नावाच्या सरकारी पोर्टलवर सगळी नोंदणी वजनासकट आहे. तेवढा एक आकडा काढून जाहीर करा, मग सोडायचे किती पैसे ते सगळ्यांनाच कळेल. ज्यांनी आत्तापर्यंत 7 टक्के भरलेत त्यांचा परतावा मी मागत नाहीये, ते भरून मोकळे झाले. पुढच्या बजेटच्या आधी निर्णय झाला तर आमचा पोरगा थांबायला तयार आहे, फक्त होणार आहे का नाही एवढं कळवा, म्हणजे त्याला तसं सांगता येईल.

आपला,
कात्रजचा एक हार्डवेअरवाला, पुणे