दादा, त्या केराच्या पाटीबद्दल थँक्यू

दादा,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही हे एक आणि नाव लिहिलं की लोक लगेच आडनाव विचारतात हे दुसरं. (हा टोमणा आधी मलाच आहे, पुढे कळेलच.)

परत येऊन आता वर्ष होऊन गेलं. एवढ्यात तुला नीट थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. फोनवर म्हणायला गेले की तू विषय बदलतोस, भाकरी जमते का आता, कॉलेज काय म्हणतंय वगैरे. म्हणून लिहितेय, इथे मधे बोलून तोडता येणार नाही तुला.

आपला पहिला फोन आठवतो का? मी पुण्यात, आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षासाठी एक्स्चेंजवर जर्मनीत स्टुटगार्टला यायचं फायनल झालेलं, हॉस्टेल मिळालं नव्हतं आणि इंडियन स्टुडंट्सच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर तुझ्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी असल्याचा मेसेज दिसला. मी विचारलं दादा तुमचं पूर्ण नाव काय. तू पहिलं नाव सांगून थांबलास. मी म्हटलं, आणि पुढे? तू म्हणालास, "पुढे उदगीर." मला वाटलं रेंज गेली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, उदगीर आडनाव असतं का गं कुणाचं? मी म्हटलं असेल, बारामतीकर असतात तसं काहीतरी. आम्हा दोघींना खरंच कळलं नाही की तू उत्तर दिलं होतंस.

२०२३ चा सप्टेंबर संपत आला होता, फ्रँकफर्टला उतरून ट्रेनने आले, २३-२३ किलोच्या दोन बॅगा, स्टेशनचं २०१० पासून चाललेलं काम, त्यामुळे प्लॅटफॉर्मपासून बाहेर पडायला जो काही लांबच लांब पत्र्याचा बोगदा आहे तो, आणि त्याच्या शेवटी तू. माझी बॅग उचलून बघितलीस आणि पहिलं वाक्य, "कुकर आणलीस का? दोन हायत की आपल्याकडं."

पुढचे पंधरा दिवस तू माझे कागद निस्तरलेस. पत्ता नोंदवायची अपॉइंटमेंट, इन्शुरन्स, ब्लॉक्ड अकाउंट ज्यात तेव्हा वर्षाचे ११,२०८ युरो आधीच भरून ठेवायचे आणि मग आपलेच पैसे आपल्याला महिन्याला ९३४ मिळणार, शिवाय घरात रेडिओ नाही टीव्ही नाही तरी घरटी १८.३६ युरो दर महिन्याला रेडिओ-टीव्हीचे, ज्यावर मी दोन दिवस चिडचिड केली होती. याबद्दल थँक्यू आहेच, पण हे सगळं कुणीही सीनियर करतो. मला वेगळ्याच गोष्टीबद्दल म्हणायचंय.

तिसऱ्या आठवड्यात सकाळी दार उघडलं तर आपल्या दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली. मला वाटलं नोटीस आली, घर खाली करा. तू दात घासत बाहेर आलास आणि हसत सुटलास. "केरवोखे. आपला केराचा आठवडा." मला वाटलं तू गंमत करतोयस, पण खरंच जर्मनमध्ये केर म्हणजे झाडणं आणि वोखे म्हणजे आठवडा, आपला केर आणि त्यांचा केर कुठे भेटतात की नाही भाषावाले सांगतील पण मला तो शब्द लगेच पाठ झाला. मग तू जिन्यात उभं राहून सगळा इतिहास सांगितलास, की १४९२ च्या शहराच्या कायद्यात होतं की प्रत्येकाने आपापली घाण आठवड्याला बाहेर नेऊन टाकायची, आणि पुढे १९८८ ला महापौर रोमेल यांच्या काळात शहराने सक्ती काढून टाकली तरी घराच्या करारात लिहिलेलं असतंच आणि लोक पाळतातच. जिना असेल तर छोटा केरवोखे, अंगण-तळघर-फुटपाथ आणि हिवाळ्यात सकाळी सातच्या आत बर्फ म्हणजे मोठा केरवोखे. आपल्या खाली राहणाऱ्या वकीलबाई, वर राहणारा बस ड्रायव्हर, आपण, सगळ्यांच्या दाराला तीच पाटी फिरायची.

आणि मी काय विचारलं? "पण यासाठी बाई नाही मिळत का?"

तू काही बोलला नाहीस. बादली भरलीस, फडका माझ्या हातात दिलास.

खरं सांगू का, मी वीस वर्षांची होते आणि मला जिना पुसता येत नव्हता. वरून खाली पुसत यायचं हेसुद्धा माहीत नव्हतं, मी खालून वर गेले आणि मग ओल्या जिन्यावरून उतरताना सगळे पायांचे ठसे. शनिवारी टॉयलेट माझ्याकडे आलं तेव्हा तर मी दाराशी दहा मिनिटं उभी होते. घाण वाटत होती असं मी तुला सांगितलं, पण आपलंच टॉयलेट होतं ते, तिघं वापरायचो, त्यात घाण वाटण्यासारखं काही नव्हतं. वाटत होतं ते वेगळंच, की हे *माझं* काम नाही. कुणी मला असं कधी शिकवलं नव्हतं, कुणी बोललंही नव्हतं घरात. तरी ते आत होतं, अगदी पक्कं बसलेलं. तू ब्रश घेऊन दाखवलंस, इथल्या पाण्याने क्षार धरतो, व्हिनेगरवालं लिक्विड टाकून वीस मिनिटं सोड आणि चहा पी, मग घास. लेक्चर दिलं नाहीस. दिलं असतंस तर मी चिडले असते आणि बहुतेक दुसरी खोली शोधली असती.

मग नोव्हेंबरात तो स्टुडिओचा, म्हणजे डिझाइनच्या तासाचा, प्रकार झाला. घरं डिझाइन करायची असाइनमेंट होती, मी पुण्यात काढायचे तसाच प्लॅन काढला, थ्री बीएचके, आणि किचनच्या मागे ड्राय बाल्कनीला लागून चार फूट बाय तीन फुटाचं सर्व्हंट टॉयलेट, बाहेरून दार. प्रोफेसरांनी बोट ठेवून विचारलं ही खोली कसली. मी सांगितलं, घरात कामाला येतात त्यांच्यासाठी. त्यांनी विचारलं, पण घरात दोन टॉयलेट आहेत ना? अगदी साधेपणाने विचारलं, त्यांना खरंच कळत नव्हतं. मी इंग्लिशमध्ये प्रायव्हसी, कल्चर, क्लायंट रिक्वायरमेंट असं काय काय बोलत राहिले आणि माझं मलाच ऐकू येत होतं. पुण्यात तीन वर्षं ते चौकोन काढले होते, एकानेही विचारलं नव्हतं. मार्क कापले गेले ते व्हेंटिलेशनसाठी.

त्या रात्री मी तुला हे एक विनोद म्हणून सांगितलं, बघा कसे बावळट प्रश्न विचारतात. तू भांडी घासत होतास. म्हणालास, तुझ्या आजोबांच्या वाड्याची ड्रॉइंग्ज लॅपटॉपवर आहेत ना, दाखव. सेकंड इयरला आम्ही पेठेतला आमचाच वाडा मोजून काढला होता, फार कौतुक झालेलं त्याचं, चौक, सोपा, माजघर, देवघर, सगळं. तू झूम करत करत मागच्या भिंतीपाशी गेलास. तिथे एक अरुंद बोळ होता, संडासाच्या मागून जाणारा, त्याला मी सर्व्हिस लेन असं लेबल दिलं होतं.

"ह्या बोळातून कोण यायचं?"

मला माहीत होतं दादा. म्हणजे माहीत नव्हतं असं मी म्हणू शकले असते, पण माहीत होतं, आजीने सांगितलेलं लहानपणी, टोपलीचे संडास होते आणि मागून यायचे नेणारे. मी मोजपट्टी लावून त्या बोळाची रुंदी मोजली होती, अडीच फूट, आणि त्यातून डोक्यावर टोपली घेऊन माणूस चालायचा ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नव्हती. तू एवढंच म्हणालास की हाताने मैला उचलायच्या विरोधात कायदा १९९३ ला आला आणि २०१३ ला परत नवा आणावा लागला. आणि मग, कढई विसळत, "माझी आजी नगरपालिकेत झाडूवाली होती. तिचा केरवोखे रिटायर होईस्तोवर चालला."

त्यानंतर आपण कितीतरी बोललो, बहुतेक जिन्यातच. तुझं उदगीर, मग औरंगाबादला नागसेनवनातलं मिलिंद कॉलेज, मग राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, राज्यातून वर्षाला ७५ मुलं. मी शाळेत बाबासाहेबांचा धडा वाचला होता, घटनेचे शिल्पकार, जोड्या लावा. पण १९१३ ला न्यूयॉर्कला कोलंबियात गेलेला तो विद्यार्थी १९१७ ला बडोद्याला नोकरीवर हजर झाला तेव्हा त्याला खोली कुणी दिली नाही, पारशी नाव सांगून पारश्यांच्या धर्मशाळेत राहावं लागलं आणि तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी काढलं, मग कामाठी बागेत बसून राहिला, हे मी पहिल्यांदा तुझ्याकडून ऐकलं. तू म्हणालास, लोक विचारतात परदेशात जाऊन काय बदललं, मला तर जाण्यापेक्षा परत येणं जास्त अवघड वाटतं. तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं.

आणि तू जर्मनीला डोक्यावर घेतलं नाहीस हेही मला फार आवडायचं. तुला स्वतःला खोली मिळायला किती महिने लागले, नाव वाचूनच ईमेलला उत्तर यायचं नाही, हे तू सांगितलं होतंस. पण म्हणायचास, इथं मी नुसता इंडियन आहे, त्याच्या खालचं ह्यांना वाचता येत नाही, तेवढीच सुट्टी. ती सुट्टीही आपल्या लोकांच्या गेट-टुगेदरमध्ये संपायची. कुणीतरी हसत हसत "म्हणजे तुम्ही कुठले? नाही, मूळचे?" विचारायचं, मग तू प्लेट ठेवून जाकीट चढवायचास. पहिल्यांदा मला वाटलं तुला ट्रेन पकडायचीय.

घरी परतल्यावरचं तुला अर्धंच सांगितलंय, आता पूर्ण सांगते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा कप किचनच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असतो, दांडा तुटलेला, निळ्या फुलांचा. मी जन्मल्यापासून तो कप बघितलाय. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तो फेकला आणि त्यांना आमच्या सेटमधल्या कपात चहा दिला. आई दोन दिवस बोलली नाही, म्हणाली तिकडून हे शिकून आलीस का. आणि मावशी? मावशी तिसऱ्या दिवशी स्वतःच घरून एक स्टीलचा पेला घेऊन आल्या. "राहू दे ताई, मला ह्यातच बरं वाटतं, तुमच्या आईसायबांशी कशाला माझ्यावरनं भांडण." मी तिथे हिरॉईन व्हायला गेले होते आणि त्यांची नोकरी अडचणीत आणून ठेवली. तो पेला अजून खिडकीतच आहे. यावर काय करायचं मला कळलेलं नाही. टॉयलेट मात्र मी घासते, त्यावर आईने चिडणं आता सोडलंय, मधे एकदा तर व्हिनेगरवालं लिक्विड तिनेच आणलं. पाचव्या वर्षाच्या थीसिसला मी तो बोळ घेतलाय, आमच्याच वाड्याचा आणि आजूबाजूच्या वाड्यांचा. गाइड म्हणाले विषय जरा निगेटिव्ह आहे.

आणि गेल्या महिन्यात उदगीरला गेले. तुला न सांगता, हो. तुझ्या आईंनी धपाटे केले होते, मला चार वाढले आणि पाचव्याला नको म्हटलं तर पुण्याची पोट बारकी म्हणून हसल्या. तुझी आजी भिंतीवर फोटोत आहे, नगरपालिकेच्या साडीतली, मी बराच वेळ बघत होते तेव्हा तुझ्या आईंनी विचारलं, काय बघतीस, मी म्हटलं काही नाही, दादा बोलतो यांच्याबद्दल. त्या म्हणाल्या आमच्याशी तर कधी बोलत नाही तो तिच्याबद्दल. तेव्हा फोन कर त्यांना, रविवारी, निवांत.

एक किलो येसर आणि शेंगांची चटणी दिलीय त्यांनी, पार्सल टाकलंय, कस्टममध्ये अडकलं तर मला सांग. आणि माझ्या खोलीत आलेल्या नवीन पोरीला सांगून ठेव, दुसऱ्या मजल्याच्या वळणावरच्या कोपऱ्यात मॉप पोचत नाही, तिथे फडकं घेऊन खाली बसावं लागतं, वकीलबाई तिथेच बोट फिरवून बघतात.

तुझी,
सर्व्हिस लेनवाली